जुने युद्धपट आणि फौजी गाणी : तुमच्या मनात कोणती घर करून आहेत?

सांजवारा (धागाकर्ती)

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात चौकाचौकातल्या कर्ण्यांवर ठरलेली पाच-सहा गाणी वाजतात आणि मग ती थेट ऑगस्टपर्यंत कुणाला आठवत नाहीत. मला मात्र या गाण्यांबद्दल आणि ती ज्या चित्रपटांतून आली त्यांच्याबद्दल वर्षभर बोलावंसं वाटतं. म्हणून हा धागा. हिंदी, मराठी, परदेशी, काहीही चालेल. बँडवरची धून चालेल, पलटणीतलं गाणं तर हवंच आहे.

सुरुवात माझ्या सर्वांत लाडक्या चित्रपटापासून करते. चेतन आनंद यांचा 'हकीकत', १९६४. बासष्टच्या चीन युद्धाची जखम अजून ओली होती. दोनच वर्षांनी हा माणूस कॅमेरे घेऊन लडाखमध्ये गेला आणि हरलेल्या लढाईवर चित्रपट काढला. बलराज साहनी, धर्मेंद्र, जयंत, विजय आनंद अशी मंडळी. माघारीचा हुकूम मिळालेली, वाट तुटलेली एक तुकडी, आणि चहूकडे नुसता डोंगर. शेवटी 'कर चले हम फिदा' येतं तेव्हा पडद्यावर बोलायला कुणी जिवंत उरलेलं नसतं. कैफी आझमींचे शब्द, रफीसाहेबांचा आवाज. हे गाणं मेलेल्यांच्या तोंडी आहे, हे कर्ण्यावर ऐकताना कळत नाही. चित्रपटात ऐकलं की कळतं.

पण माझा जीव अडकलाय तो 'होके मजबूर मुझे' या गाण्यात. रफी, तलत महमूद, मन्ना डे आणि तेव्हा अगदी नवखा असलेला भूपिंदर. भूपिंदर तर पडद्यावरही दिसतो. बर्फात अडकलेले चौघे आपापल्या घरच्या माणसाचा विचार करताहेत. गाण्यात शत्रूचं नाव नाही, झेंडा नाही, ललकारी नाही. संगीतकार मदनमोहन स्वतः १९४३ मध्ये सेकंड लेफ्टनंट म्हणून सैन्यात भरती झाले होते आणि महायुद्ध संपेपर्यंत तिथे होते. नंतर ते लखनौच्या रेडिओ केंद्रात गेले आणि मग चित्रपटांत. छावणीतली संध्याकाळ कशी असते हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

माझं म्हणणं असं की फौजी गाण्यांतली जी खरोखर टिकली ती बहुतेक वाट पाहण्याची गाणी आहेत, जिंकण्याची नव्हेत. पटतंय का? नसेल पटत तर तेही लिहा.


कृष्णाकाठ

फार दिवसांनी असा धागा निघाला. मी सातारा जिल्ह्यातला. आमच्या भागात 'पोरगा काय करतो' याचं उत्तर पूर्वी दोनच प्रकारचं असायचं, एक तर मुंबईला गिरणीत, नाही तर पलटणीत. जवळच अपशिंगे आहे, ज्याच्या नावापुढेच 'मिलिटरी' लागतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण परत आले नाहीत. तिथे स्मारक आहे.

माझे वडील फौजेत होते आणि आमच्या घरी फौजी गाणं म्हणजे विविध भारतीवरची 'जयमाला'. संध्याकाळी सातच्या बातम्या झाल्या की ती सुरू व्हायची. फौजी भाइयों के लिए, असं निवेदिकेनं म्हटलं की आई चुलीपुढून उठून ओट्यावर यायची. फर्माईश करणाऱ्या जवानांची नावं वाचली जायची. वडिलांनी कधी पत्र टाकलं असेल असं मला वाटत नाही, त्यांचा तो स्वभावच नव्हता. पण आई प्रत्येक नाव शेवटपर्यंत ऐकायची आणि मगच भाकरीला हात लावायची. शनिवारी 'विशेष जयमाला' असायची, त्यात चित्रपटसृष्टीतलं कुणीतरी स्वतः येऊन जवानांशी बोलायचं आणि आपल्या आवडीची गाणी लावायचं.

गंमत म्हणजे जवान ज्या गाण्यांची मागणी करायचे त्यांत युद्धाची गाणी फारच थोडी असत. सगळी प्रेमाची, विरहाची, पावसाची. त्यामुळे सांजवाराताई, तुमचं म्हणणं मला तरी पटतं.

'हकीकत' मी जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये पाहिला. रिळ बदलताना दिवे लागले तेव्हा आजूबाजूची निम्मी माणसं डोळे पुसत होती, आणि त्यांतले बरेचसे रजेवर आलेले जवान होते.


तानपुरा

'होके मजबूर'बद्दल थोडं. चार आवाज घेतलेत ते नुसते शोभेला नाहीत. तलतचा कंप, रफीचा मोकळा ताण, मन्नादांचा भारदस्तपणा, भूपिंदरचा कोवळा खर्ज. चौघांच्या चार घरच्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकाची दुःख सोसायची रीत निराळी आहे. एकट्या रफीनं हे सगळं गायलं असतं तर ते एका नायकाचं गाणं झालं असतं. आता ते तुकडीचं गाणं आहे.

त्याच चित्रपटातलं 'मैं ये सोचकर उसके दर से उठा था' ऐका. त्यात ठेका जवळजवळ नाहीच. व्हायोलिन प्रश्न विचारल्यासारखं वर जातं आणि कुणी उत्तर देत नाही. निघालेला माणूस पावलापावलाला वळून पाहतोय, तिनं हाक मारली नाही, एवढीच गोष्ट. मदनमोहन म्हटलं की लताबाईंच्या गझलाच आठवतात, त्यामुळे त्यांचं हे काम थोडं झाकलं जातं.

आणि याच रांगेत मी 'हम दोनो' बसवीन. १९६१. जयदेव यांचं संगीत, साहिरचे शब्द. लोकांना 'अभी ना जाओ छोडकर' आठवतं, पण तो मुळात दुसऱ्या महायुद्धातल्या दोन अधिकाऱ्यांचा चित्रपट आहे, एकसारखे दिसणारे कॅप्टन आनंद आणि मेजर वर्मा. 'अल्ला तेरो नाम' हे भजन त्यात ज्या बायकांची माणसं लढाईवर गेलीत त्यांनी देवळात म्हटलेलं आहे, पुढे नंदा बसलेली. ते प्रार्थनासभांत इतकं म्हटलं जातं की ते युद्धपटातलं गाणं आहे हेच लोक विसरलेत. सिगारेट लायटरमधून वाजणारी ती छोटी धून जयदेवांनी पुन्हा पुन्हा वापरली आहे. आघाडीवर तो लायटर उघडला की घर आठवतं. एवढ्याशा धुनेवर त्यांनी अख्खी आठवण उभी केली.

एक जोड देतो. चित्रपटांत येण्यापूर्वी देव आनंद मुंबईत चर्चगेटला मिलिटरी सेन्सॉरच्या कचेरीत नोकरीला होते. युद्धकाळातली सैनिकांची पत्रं वाचून तपासायची, हे काम. जवान आणि अधिकारी घरी काय लिहितात हे त्या तरुण वयात त्यांनी रोज वाचलं होतं. 'हम दोनो'तला त्यांचा कॅप्टन पाहताना मला हे नेहमी आठवतं.


पलटणवाला

नमस्कार मंडळी. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नातवानं धागा वाचून दाखवला आणि म्हणाला, आबा, तुम्ही लिहाच. तो टाईप करतोय, मी सांगतोय.

सांजवाराताई, तुमचं अर्धं म्हणणं खरं आहे. अर्धं नाही. सांगतो का ते.

वाट पाहण्याची गाणी जवान ऐकतो ती रात्री, बॅरेकमध्ये, ट्रान्झिस्टर उशाशी घेऊन. तेव्हा ती पाहिजेतच. पण दिवसा जे गाणं लागतं ते वेगळं. बेळगावच्या सेंटरला रिक्रूट म्हणून पोरं येतात, कोण कोकणातला, कोण मराठवाड्यातला, कोण खानदेशचा, कोण सीमाभागातला. कुणाला भाषा कळते कुणाची कळत नाही. त्यांना एक करतं ते गाणं. 'मर्द आम्ही मराठे खरे' हे आमचं गाणं. धापा टाकत टेकडी चढताना उस्तादानं, म्हणजे कवायत शिकवणाऱ्यानं, पहिली ओळ टाकली की मागून सगळी कंपनी उचलते. छातीत श्वास नसतो तरी उचलते. ते ऐकायचं गाणंच नव्हे, म्हणायचं आहे. रेडिओवर लावलं तर त्याच्यात काही सापडायचं नाही.

लाइट इन्फन्ट्रीची चाल इतरांपेक्षा जलद असते, टोपीवरच्या बिल्ल्यात बिगुल असतो. आमच्या रेजिमेंटची मुळं १७६८ पर्यंत जातात. सेंटर १९२२ पासून बेळगावात. दरवर्षी ४ फेब्रुवारीला मराठा दिवस करतो, तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला तो दिवस. त्या दिवशी बडाखाना, म्हणजे सगळ्या पलटणीचं एकत्र जेवण, आणि आमचं झांजपथक. ढोल, झांजा, भगवे फेटे. दुसऱ्या रेजिमेंटचे लोक मुद्दाम बघायला येतात. बँड म्हणजे पितळी वाद्यं असं शहरातल्या लोकांना वाटतं. पण झांजपथक निघालं की कवायत शिकवायला लागत नाही, पाय आपोआप पडतात.

आणि 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' हे काय आहे? ते गाणं नाही, पण सूर त्यालाही आहे. पहिला एकटा म्हणतो, 'जय' सगळे म्हणतात. रात्रीच्या हल्ल्याच्या सरावाला ती हाक अंधारात उठली की नवीन पोराची भीती पळते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा जिंकण्याच्या गाण्याला कमी लेखू नका.

सिनेमा आम्ही उघड्या मैदानावर बघायचो. दोन बांबूंना पांढरा पडदा, थंडीत घोंगडी पांघरून. वारा आला की पडदा फुगायचा आणि हिरोचं तोंड वाकडं व्हायचं. पडद्याच्या मागून बसणारे पण असायचे, त्यांना सगळं उलटं दिसायचं तरी बघायचे. युद्धाचा सिनेमा असला की आमच्यात बोलणी चालायची, ही रायफल अशी धरत नाहीत, हा सॅल्यूट बरोबर नाही. पण 'हकीकत' लागला तेव्हा कुणी बोललं नाही.


सांजवारा

पलटणवाला काका, तुम्ही लिहिलंत याचा किती आनंद झाला ते सांगता येत नाही. 'ऐकायचं गाणं' आणि 'म्हणायचं गाणं' हा फरक माझ्या ध्यानातच नव्हता. मी ऐकणाऱ्यांतली आहे, त्यामुळे माझ्या यादीत सगळी ऐकायचीच गाणी आली.

तरी एक विचारते. म्हणायच्या गाण्यांतली सैन्याबाहेर लोकांत टिकलेली कोणती? 'कदम कदम बढाये जा' सोडून. ते आझाद हिंद सेनेचं कूचगीत आहे, त्याचा ठेकाच चालण्याचा आहे.


शाळामास्तर

उत्तर देतो. 'जिंकू किंवा मरू'.

'माणुसकीच्या शत्रूसंगे युद्ध आमुचे सुरू' ही त्याची पहिली ओळ. राम गबाले यांच्या 'छोटा जवान' या १९६३ च्या चित्रपटातलं. गदिमांचे शब्द, वसंत देसाईंचं संगीत, आवाज महेंद्र कपूर. आज चित्रपट किती जणांनी पाहिलाय कुणास ठाऊक, पण हे गाणं माझ्या पिढीनं शाळेच्या पटांगणावर घसा फोडून म्हटलंय. चीनच्या आक्रमणानंतरचे दिवस होते ते. आया-बायका अंगावरचे दागिने संरक्षण निधीला देत होत्या, स्वेटर विणून पाठवत होत्या, आणि आम्ही पोरं हे गाणं म्हणत होतो. आपल्याला जे करता येतं ते आपण करतोय अशी आमची खरीखुरी समजूत होती.

वसंत देसाई हा माणूस समूहगानासाठीच जन्माला आला होता. सावंतवाडीकडचा, व्ही. शांतारामांच्या तालमीत तयार झालेला. 'ऐ मालिक तेरे बंदे हम' हेही त्यांचंच, १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ'मधलं. हजारो मुलांना एका सुरात कसं आणायचं हे त्यांना कळत होतं. चाल अशी बांधायची की बेसूर पोरगंही त्यात सामावून जाईल. पट्टी फार उंच नाही, ओळी आखूड, आणि ध्रुवपदाशी सगळ्यांनी एकदम यायचं. मी पुढे शिक्षक झालो आणि हे गाणं अनेक वर्षं मुलांकडून बसवून घेतलं. मागच्या बाकावरचा, कधी तोंड न उघडणारा मुलगासुद्धा 'मरू'शी आवाज टाकायचा.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, भालजी पेंढारकरांचा 'मराठा तितुका मेळवावा' आला. संगीत 'आनंदघन' यांचं, म्हणजे लताबाईंचं. शांताबाई शेळक्यांचं 'शूर आम्ही सरदार' हृदयनाथांनी गायलं. शिवकाळाचा चित्रपट, पण पाहणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सीमा होती. मला त्या गाण्यात एक गोष्ट फार आवडते. त्यात मृत्यूची भाषा आहे तरी चाल प्रसन्न आहे. हसत निघालेल्या माणसांची चाल आहे ती.


जुनी_तबकडी

धागा वाचतोय आणि कपाटातल्या तबकड्या काढून बसलोय. सी. रामचंद्रांचं नाव अजून कुणी काढलं नाही, म्हणून आलो.

नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा हा माणूस. लोक 'ऐ मेरे वतन के लोगों'पाशी सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. पण लढाई त्यांच्या संगीतात आधीपासून होती. १९४९ च्या 'पतंगा'मधलं 'मेरे पिया गये रंगून' आठवा. शमशाद बेगमबरोबर पुरुषाचा आवाज स्वतः सी. रामचंद्रांचाच, तबकडीवर नाव 'चितळकर'. लोक ते विनोदी गाणं म्हणून ऐकतात आणि आहेही ते विनोदी. पण ब्रह्मदेशात गेलेला नवरा आणि देहरादूनला टेलिफोनपाशी बसलेली बायको, हे त्या काळच्या श्रोत्यांसाठी किती ओळखीचं होतं बघा. युद्ध संपून चारच वर्षं झाली होती आणि रंगून हे नाव घराघरात पोचलं होतं, कुठे पत्रातून, कुठे तारेतून. मग १९५० चा 'समाधी', आझाद हिंद सेनेच्या पार्श्वभूमीवरचा, तोही त्यांचाच. 'गोरे गोरे ओ बाँके छोरे' त्यातलं. त्या गाण्यांत जो ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा झणका आहे तो गोव्याच्या वादकांमुळे आला. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे सी. रामचंद्रांचे सहायक होते.

आणि मग २७ जानेवारी १९६३. दिल्लीचं नॅशनल स्टेडियम, समोर राष्ट्रपती राधाकृष्णन, पंडित नेहरू. 'ऐ मेरे वतन के लोगों', कवी प्रदीप यांचे शब्द. बारकाईनं ऐका, सुरुवातीला जवळजवळ काहीच वाद्य नाही. लताबाई नुसतं बोलल्यासारखं गातात. ठेका उशिरा येतो. लष्करी ढोलाचा वापर करायची पुरेपूर संधी असताना सी. रामचंद्रांनी आधी शब्द पोचू दिले. तीच त्या गाण्याची ताकद. ते एका चित्रपटासाठी केलेलंच नव्हतं, त्यामुळे नायक-नायिका, प्रसंग, पडदा यांचं कसलंही ओझं त्याच्यावर नाही.

बासष्टनंतरच्या त्या काळात सुनील दत्त आणि नर्गिस यांनी 'अजंता आर्ट्स'चं कलापथक घेऊन सीमेवरच्या जवानांसमोर जाऊन कार्यक्रम केले. पलटणवाला काका, तुमच्या वेळेला असे कार्यक्रम व्हायचे का?


पलटणवाला

व्हायचे. मोठे कलाकार सगळीकडे पोचायचे नाहीत. आमच्याकडे एकदा एक लोकनाट्याचं पथक आलं होतं. ढोलकी घुमली आणि पलीकडच्या शीख पलटणीतले लोकही येऊन बसले. एक शब्द कळत नव्हता त्यांना, पण शेवटपर्यंत उठले नाहीत.

मी सांगू का, आपल्या जवानाला सर्वांत जास्त काय पाहिजे असतं? आपल्या बोलीतला आवाज. गाणं कोणतंही असो.


अवनी_ठाणे

मी तुमच्या सगळ्यांपेक्षा लहान असेन. माझ्या पिढीचा युद्धपट म्हणजे 'बॉर्डर', १९९७. इथे क्लासिक म्हणून चालेल की नाही माहीत नाही, पण लिहितेच.

लोंगेवालाची लढाई, डिसेंबर १९७१, चार तारखेची रात्र. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि पंजाब रेजिमेंटची एक कंपनी, समोर रणगाडे, आणि पहाट झाल्यावर आलेली हवाई दलाची हंटर विमानं. चित्रपटात आरडाओरडा भरपूर आहे, मान्य. पण 'संदेसे आते हैं' लागलं की आजही मी हातातलं काम बाजूला ठेवते. जावेद अख्तर यांचे शब्द, अनू मलिक यांची चाल, सोनू निगम आणि रूपकुमार राठोड. दहा मिनिटांच्या आसपासचं गाणं आणि त्यात काय आहे? पत्रं. गावाकडून आलेली पत्रं. 'हकीकत'मध्ये चौघांनी जे केलं तेच तेहेतीस वर्षांनी जे. पी. दत्तांनी वाळवंटात केलं, असं मला हा धागा वाचताना पहिल्यांदाच जाणवलं.

माझा भाऊ एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, बाहेर पडला तेव्हा खडकवासल्याला दीक्षान्त संचलन पाहायला गेलो होतो. खेत्रपाल परेड ग्राउंड, एकाहत्तरच्या युद्धातल्या परमवीरचक्र विजेत्या अरुण खेत्रपाल यांच्या नावाचं. संचलन संपताना मुलं सावकाश पावलं टाकत 'अंतिम पग' ओलांडतात आणि बँडवर 'ऑल्ड लँग साइन' वाजतं. तीन वर्षं एकत्र काढलेल्या मुलांचा निरोप. आई तोवर टाळ्या वाजवत होती, तिथे तिला रडू कोसळलं. मला त्या परक्या धुनेचा एक शब्द येत नाही, पण ती मी विसरणार नाही.


तानपुरा

अवनी, 'बॉर्डर' नक्की चालेल. गाणं तीन दशकं टिकलंय, आणखी काय हवं.

बँडवरच्या धुनांबद्दल कुणीतरी बोलायला हवंच होतं. २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात बीटिंग रिट्रीट होतं, प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याचा समारोप. वर्षानुवर्षं तिथे 'अबाइड विद मी' हे गांधीजींचं आवडतं ख्रिस्ती भजन वाजत असे. २०२२ मध्ये ते वगळलं आणि 'ऐ मेरे वतन के लोगों'ची धून घेतली. माझं मत स्पष्ट आहे, दोन्ही ठेवता आली असती. त्या भजनाच्या वेळी दुरून येणारा घंटांचा नाद आणि मधली शांतता, तसं दुसरं काही त्या सोहळ्यात नव्हतं. शेवटी मात्र 'सारे जहाँ से अच्छा' वाजतं आणि बँड रायसीना टेकडीकडे परत जातात. इक्बाल यांच्या त्या रचनेला आज आपण ओळखतो ती चाल पंडित रविशंकरांनी १९४५ मध्ये दिली. सतारीवर आयुष्य काढलेल्या माणसाची चाल पितळी वाद्यांवर इतकी शोभते याचं मला कायम नवल वाटतं.


दूरदेशी

जर्मनीहून लिहितोय. आवडीचा दुसरा देश, दुसरी भाषा, पण गोष्ट तीच, म्हणून आणतोय.

पुण्यात शिकत असताना फिल्म सोसायटीत ग्रिगोरी चुखराय यांचा 'बॅलड ऑफ अ सोल्जर' पाहिला. १९५९ चा रशियन चित्रपट. चुखराय स्वतः महायुद्धात लढले होते. अल्योशा नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा, घाबरून पळता पळता दोन रणगाडे निकामी करतो. सेनापती पदक द्यायला निघतो. हा म्हणतो, पदकाऐवजी घरी जाऊ द्या, आईच्या घराचं छप्पर गळतंय ते दुरुस्त करून येतो. सहा दिवसांची रजा मिळते. दोन जायला, दोन यायला, दोन छपराला. वाटेत याला मदत कर, त्याचा निरोप पोचव, बॉम्बनं उडालेला पूल, चुकलेली गाडी. घरी पोचतो तेव्हा आईला मिठी मारण्यापुरता वेळ उरलेला असतो. तो परत येणार नाही हे चित्रपट सुरुवातीलाच सांगून टाकतो, त्यामुळे त्या सहा दिवसांतला प्रत्येक फुकट गेलेला तास आपल्याला टोचत राहतो.

युद्धपटात लढाई पाचेक मिनिटं आणि बाकी सगळी रजा. असा दुसरा चित्रपट मी पाहिलेला नाही.

धून म्हणाल तर 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'मधली शीळ, १९५७. युद्धकैदी फाटक्या बुटांनी छावणीत शिरताना 'कर्नल बोगी' हा मार्च शिट्टीवर वाजवतात. धून त्याआधीची, १९१४ ची. हातात शस्त्र नाही, अंगावर धड कपडा नाही, फक्त शीळ आणि चालण्याचा ठेका. पलटणवाला काका म्हणतात ते 'म्हणायचं गाणं' हेच ना?


पलटणवाला

हेच. बरोबर ओळखलं.

आणि रजेचं म्हणाल तर तो रशियन सिनेमा मला कुणीतरी दाखवा. जम्मूहून गावी यायला आम्हाला कित्येक दिवस जायचे. गाडीत बसायला जागा नाही, काळ्या ट्रंकेवर बसून यायचं. रजा कागदावर मोठी दिसायची.


कृष्णाकाठ

'प्रहार' राहिला! १९९१. नाना पाटेकरांनी दिग्दर्शित केलेला. त्यासाठी त्यांनी मराठा लाइट इन्फन्ट्रीत प्रशिक्षण घेतलं होतं. बेळगावचं कमांडो प्रशिक्षण हिंदी पडद्यावर इतकं खरं त्याआधी दिसलं नव्हतं. गौतम जोगळेकरांचा पीटर अजून डोळ्यांपुढून हलत नाही. देशासाठी पाय गमावलेला पोरगा मुंबईत आपल्याच वस्तीतल्या गुंडांच्या हातून मरतो आणि शेजारी दारं लावून घेतात. त्यात 'हमारी ही मुठ्ठी में आकाश सारा' आहे. मंगेश कुलकर्णींचे शब्द, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, आणि सत्तरी गाठलेले मन्ना डे. पोरांची कवायत आणि म्हाताऱ्या माणसाचा आवाज. हे गाणं ऐकायचं आणि म्हणायचं, दोन्ही आहे.


माणदेशी

सगळं वाचलं. सुंदर चाललंय. एक बाजू राहतेय ती मांडते.

मी फौजीची बायको. नवरा सोळा-सतरा वर्षं बाहेर होता, मी सासू-सासरे, शेत आणि दोन पोरं सांभाळली. सिनेमातल्या गाण्यांत बायको असते ती खिडकीत उभी असते, चंद्राकडे बघते, पत्राची वाट बघते. पत्राची वाट मीही बघितली. पण मनीऑर्डर आली की खताचं बिल, सासऱ्यांचं औषध, फी. '५६ एपीओ', म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय, एवढ्या पत्त्यावर मी काय लिहायची? गाय व्याली, विहिरीला पाणी लागलं, थोरल्याला गणितात चांगले मार्क पडले. आपण रडलो ते लिहायचं नाही, हे सासूबाईंनी पहिल्याच महिन्यात शिकवलं. त्यांचाही भाऊ पलटणीत होता.

'अल्ला तेरो नाम'चं तानपुरा यांनी लिहिलं ते म्हणून फार आवडलं. त्यात बायका एकत्र बसलेल्या आहेत. एकटी कुणी नाही. आमच्या गावातही तसंच होतं. एकाहत्तरच्या लढाईत आमच्या आळीतल्या बायका रोज एका घरी जमायच्या, जिथे रेडिओ होता तिथे, असं सासूबाई सांगतात.

त्यांच्या तोंडी जात्यावरच्या ओव्या आहेत पलटणीच्या. सिनेमाच्या कितीतरी आधीच्या. त्यातली एक मला पाठ आहे :

आगीनगाडी बाई, नको वाजवूस शिट्टी
पलटणीच्या बंधवाची, अजून सरली न्हाई सुट्टी


दूरदेशी

माणदेशीताई, या दोन ओळींत अख्खा 'बॅलड ऑफ अ सोल्जर' आहे.


पलटणवाला

ताई, आमच्या कोरेगाव स्टेशनावर ही ओवी मी कानांनी ऐकली आहे. शब्द जरा वेगळे होते. निरोप द्यायला आलेली एक म्हातारी गाडीच्या डब्याला हात लावून म्हणत होती.

सासूबाईंना आणखी येत असतील तर सगळ्या उतरवून घ्या. नुसत्या लिहून नको, त्यांच्या आवाजात फोनवर भरून ठेवा. चाल कागदावर राहत नाही.


माणदेशी

त्यांना दुपारी जेवणानंतर आठवतात. आत्ताच विचारलं तर म्हणाल्या, जातं नाही तर कशा येतील. माळ्यावरचं जुनं जातं खाली काढायला धाकट्याला सांगितलंय. खुंटा नवीन बसवावा लागेल.


सांजवारा

ताई, खुंटा बसला की कळवा. ओव्यांसाठी वेगळा धागा काढूया, तुमच्याच नावानं. पलटणवाला काका, तोवर 'मर्द आम्ही मराठे खरे' पूर्ण, कडव्यांसकट, नातवाकडून इथे टाईप करून घ्याल का? आणि उस्ताद पहिली ओळ कुठे सोडतो, कंपनी कुठे उचलते, तेही कंसात लिहा.